हातानें जोडलेली सायकल

सेवानिवृत्त माणसानें काय करावें हें सांगणाऱ्यांची आपल्या समाजांत उणीव नाहीं. कोणी ज्ञानेश्वरीकडे बोट दाखवितो, कोणी पहांटेच्या फिरण्याकडे. आम्हीं मात्र सायकलची फ्रेम स्वतः घडविण्याचा छंद धरला. एकत्र कुटुंबांत असा छंद गुप्त राहत नाहीं. पस्तीस वर्षें शब्दरूपें घोकून घेणारा मास्तर परसांत कानस घेऊन बसलेला पाहून आमच्या धाकट्या बंधूंनीं स्पष्टच विचारलें, "दादा, हें काम आपलें का?"

उत्तर देण्यापूर्वीं काम कोणतें तें सांगितलें पाहिजे. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ली यानें 'रोव्हर' सायकल पुढें आणली. तिचीं चाकें जवळजवळ सारखीं होतीं व मागील चाकास साखळीनें गति मिळे. पुढें थोड्याच वर्षांत फ्रेमला दोन त्रिकोणांचा आकार आला, तो आजहि टिकून आहे. चौकोन रेटला असतां कलतो. त्रिकोण बाजू वांकल्या-मोडल्याखेरीज आपला आकार सोडीत नाहीं. भूमितीचा हा साधा नियम आपण रोज पायांखालीं घेऊन फिरतों. नळ्यांतहि असेंच शहाणपण आहे. टोंकांशीं जाड आणि मध्यें पातळ अशा नळीचें पेटंट बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनीं १८९७ सालीं घेतलें. आमच्या नळ्या टोंकांशीं ०.९ मिलिमीटर व मध्यें ०.६ मिलिमीटर जाडीच्या आहेत. सांध्यापाशीं ताण व आंच अधिक, म्हणून तेथें धातु अधिक. इतर ठिकाणीं भार कमी केलेला बरा.

आमचे गुरु पेठेंतील एक वृद्ध मिस्त्री. त्यांस आम्ही 'उस्ताद' म्हणतों, आणि ते आम्हांस 'मास्तर' म्हणतात. नळीचें टोंक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर उजेड दिसणार नाहीं इतकें नेमकें बसेपर्यंत त्यांनीं आम्हांस पंधरा दिवस केवळ कानस चालवावयास लावली. मग टाकणखार लावून पितळेचा डाख देण्याचा धडा. पोलाद वितळण्यास सुमारें १५०० अंश उष्णता लागते. हें पितळ ९०० अंशांच्या आसपासच वितळतें. म्हणून नळ्या न वितळतां लालबुंद होतात, आणि पितळ केसाएवढ्या फटींत आपण होऊन ओढलें जातें. व्याकरणांतील संधींत दोन वर्ण एकमेकांत मिसळून आपलें रूप टाकतात. येथें दोन्हीं नळ्या आपलें रूप राखतात आणि तिसराच त्यांस धरून ठेवतो. आंच कमी पडली तर पितळ आंत शिरत नाहीं; अधिक झाली तर पोलादाचा कस जातो. हें सारें रंगावरून ओळखावयाचें. उस्तादांजवळ त्यासाठीं ग्रंथ नाहीं, डोळा आहे.

बंधूंस आम्हीं उत्तर दिलें तें राईट बंधूंचें. त्यांचे वडील बिशप, घर वाचनाचें. तरीहि १८९६ पासून ते अमेरिकेंतील डेटन गांवीं स्वतःच्या दुकानांत सायकली बनवूं लागले, आणि १९०३ सालीं उडालेलें विमान त्याच हातांनीं घडविलें. बंधु हंसले, पण दुसऱ्या दिवशीं नळी धरावयास येऊन बसले.

खरा प्रश्न पुढें आला तो सूनबाईंचा. ही सायकल आमच्या नातीसाठीं. ती रोज तीवरून कॉलेजांत जाणार. सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "बाबा, तुमचा छंद मला आवडतो. पण उतारावर पुढचा सांधा निखळला तर?" या प्रश्नास मान देऊन आम्हीं दोऱ्याची परीक्षा केली. मागील चाकाच्या एका पकडीपासून दोरा पुढील नळीस वळसा घालून दुसऱ्या पकडीपर्यंत ताणावयाचा, आणि बैठकीच्या नळीपासून दोन्हीं बाजूंचें अंतर मोजावयाचें. तें समान भरलें, म्हणजे फ्रेम सरळ. पण सरळ असणें म्हणजे बळकट असणें नव्हे. पुढचा चिमटा आम्हीं मुळींच घडविला नाहीं. तो तयार घेतला, कारण तो तुटल्यास सांवरावयास क्षणहि मिळत नाहीं. बाकीचे सांधे उस्तादांनीं एकेक करून पाहिले. मग तीन महिने सायकल आम्हीच चालविली, आणि तीहि रंग न देतां. रंगाखालीं बारीक चीर लपते. उघड्या पोलादावर ती दिसते. दर रविवारीं भिंग घेऊन सांधे पाहावयाचे आणि तेलाचा हात फिरवावयाचा.

चौथ्या महिन्यांत सूनबाईंनीं स्वतः भिंग मागून घेतलें, प्रत्येक सांधा पाहिला आणि मगच नातीस परवानगी दिली. रविवारची पाहणी आतां त्याच करतात.

आम्हीं जन्मभर शब्द जोडले. वाक्यांतला सांधा कच्चा राहिला तर वाचक फार तर नाक मुरडतो. कोणाचें हाड मोडत नाहीं. ज्या कामाचा दोष आपल्याच घरच्या माणसास भोगावा लागेल, तें काम मनुष्य कसें करतो, हें या छंदानें आम्हांस साठीनंतर दाखविलें. सुशिक्षित घरांतील मुलांस असें एकादें काम सोळाव्या वर्षींच मिळावें, एवढेंच वाचकांस सुचवावेंसें वाटतें.