अनुदानाआधीचा वाटा

अनुदान हा शब्द आम्हां विद्यार्थ्यांच्या कानांवर वारंवार पडतो. शाळेच्या कार्यालयात तो ऐकू येतो, निवडणुकीच्या सभेत येतो, वर्तमानपत्राच्या तर प्रत्येक पानावर असतो. परंतु त्याच्या आरंभी बसलेल्या 'अनु' या उपसर्गाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अनुज म्हणजे मागाहून जन्मलेला, अनुयायी म्हणजे मागून चालणारा. या न्यायाने अनुदान म्हणजे मागाहून येणारे दान, असा अर्थ आम्ही लावला तर व्याकरणाचे पंडित हसतील, हसोत बापडे. आम्हांस मात्र हा अर्थ सोयीचा वाटतो, कारण त्यातून लगेच पुढचा प्रश्न निघतो. मागाहून, म्हणजे कोणाच्या मागून? आधी कोणी दिलेले असते?

आम्ही बडोद्याचे रहिवासी. उत्तर शोधण्यास आम्हांस मांडवीपलीकडे जावे लागत नाही. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी मांडण्या आणि वरच्या मजल्याचा उजेड खाली झिरपू देणाऱ्या जाड काचेच्या फरशा आहेत. त्या फरशांवर पहिल्यांदा पाय ठेवताना छातीत जरा धस्स होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुले वाचावयास शिकली, पण शिकून वाचावे काय? म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणविले आणि राज्यभर वाचनालये उभारण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. ग्रंथांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव धाडल्या जाऊ लागल्या. त्यांच्या वाहतुकीचा खर्चही राज्य सोशी. १९१२ साली ग्रंथालयविषयक एक नियतकालिक निघाले, त्यात इंग्रजी आणि गुजरातीच्या जोडीने मराठीलाही जागा होती.

हे सारे थोरच. तरीही आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी, त्रैराशिकातील उदाहरणासारखी योजना. खेड्यातील लोकांनी वाचनालयासाठी वर्षाला जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच राज्याने द्यावी. खेड्यासाठी मर्यादा १०० रुपयांची, कसब्यासाठी ३०० ची, प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी ७०० ची. म्हणजे गावाने शंभर उभे केले की तीनशे होत. इमारतीचा खर्चही याच रीतीने तिघांत वाटला जाई. खजिना महाराजांचा होता. त्यांनी मनात आणले असते तर तीनशेच्या तीनशे रुपये त्यांना सहज धाडता आले असते. ते त्यांनी केले नाही. ज्या कपाटात आपल्या घरचे चार आणे आहेत त्याला वाळवी लागू नये म्हणून माणूस स्वतःहून जपतो, हे त्यांनी ओळखले असावे.

आणखी एक गोष्ट. बॉर्डनसाहेब येण्यापूर्वीच, १९०६ च्या सुमारास, मोतीभाई अमीन या चरोतरातील शिक्षकांनी मित्रमंडळे स्थापून लहान लहान वाचनालये सुरू केली होती. पुढे राज्याने त्यांनाच आपल्या वाचनालय खात्यात घेतले. म्हणजे पैसा तर लोकांच्या मागून आलाच, खुद्द योजनाही लोकांच्या मागूनच आली.

आता आजच्या काळाकडे वळू. आमच्या वस्तीत एक लहानसे मराठी वाचनालय आहे. दिवाळी अंक, कादंबऱ्या, बांधणी सुटलेली चरित्रे आणि पावसात गळणारे एक छप्पर, एवढी त्याची मालमत्ता. यंदा पावसाळ्यानंतर आम्ही काही विद्यार्थी पावतीपुस्तके घेऊन त्याच्यासाठी घरोघर हिंडलो. "सरकारकडून घ्या की! आम्ही कर भरतो तो कशासाठी?" असे पहिल्याच दारात ऐकावे लागले. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. कराचा पैसा आपलाच असतो. पण आमच्या छपराला भोक पडले आहे हे त्या पैशाला आपण होऊन कळत नाही, कोणीतरी जाऊन सांगावे लागते. दुसऱ्या घरातील एक आजोबा पन्नास वर्षांपूर्वीचा कार्यालयीन करडेपणा अजून राखून होते. ते म्हणाले, "पैसे देतो, बाळांनो, पण पावतीवर तारीख आणि कारण लिहा. पावतीविना घेतली ती वर्गणी नव्हे, ती भीक." त्या दिवसापासून आमच्या पावत्यांचे अक्षर सुधारले.

तिसऱ्या घरी पापड लाटून संसार चालविणाऱ्या एक काकू भेटल्या. त्या म्हणाल्या, "पैसे नाहीत रे माझ्यापाशी. पण रविवारी दोन तास येईन आणि पुस्तकांना पुठ्ठे घालून देईन. चालेल?" चालेल, असे आम्ही म्हणालो खरे, पण पावतीपुस्तकात दोन तास लिहिण्याची जागा कोठे होती?

येथे रुपयाला रुपया जोडणाऱ्या योजनेची खोट दिसते. ज्या गावाने शंभर जमविले त्याला वर दोनशे मिळणार, ज्याला कसेबसे पंचवीस जमले त्याला पन्नास. गरज तर बहुधा दुसऱ्याचीच अधिक! महाराजांविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे, तरी हा हिशेब आम्हांस खटकतो. अलीकडच्या काही योजनांत यावर तोड काढलेली आढळते. गुजरातेत २००२ साली 'वास्मो' ही संस्था निघाली आणि गावोगाव पाणी समित्या होऊन नळयोजनेच्या खर्चात गावाचाही वाटा राहू लागला. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावांतर्गत कामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा गावाने उचलावयाचा असतो. डोंगराळ किंवा वनप्रदेशातील गावे, तसेच जेथे अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून अधिक आहे अशी गावे, यांना पाच टक्केच. विशेष म्हणजे हा वाटा रोख, वस्तुरूपाने अथवा श्रमाने दिला तरी चालतो. चर खणणाऱ्याची कुदळही वर्गणीत धरली जाते. मग पुठ्ठे घालणाऱ्या काकूंची खळ का धरली जाऊ नये?

पुण्या-मुंबईचे पाहुणे आम्हांस सांगतात, "अरे, तुमच्या वाचनालयाला 'ड' वर्ग तरी मिळवा!" त्यांना कसे समजवावे? ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन अनुदान देणारी व्यवस्था महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यामागून आली. आमची पुस्तके मराठी असली तरी छप्पर गुजरातेत आहे आणि गुजरातचा ग्रंथालय कायदा २००१ चा. याशिवाय कोलकात्यास राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून आहे. त्याच्या काही योजनांत राज्याच्या हिश्शाला जोड मिळते, काहींत प्रतिष्ठान आपल्याच निधीतून साहाय्य करते. खासदारांच्या शिफारशीने होणाऱ्या कामांसाठीही वर्षाला ५ कोटी रुपयांची तरतूद असते. पुष्कळांना वाटते तसा हा पैसा खासदारांच्या हाती येत नाही, त्यांनी काम सुचवावयाचे आणि जिल्हा प्रशासनाने ते करवून घ्यावयाचे. दारे आहेत, पण प्रत्येक दाराची कडी वेगळी.

आणि प्रत्येक दारी कागद लागतात. संस्था नोंदलेली हवी, हिशेब तपासलेले हवेत, पैसा मिळाल्यावर तो त्याच कामी लागला असे प्रमाणपत्र द्यावयास हवे. हा जाच आहे असे आम्हांस प्रथम वाटले. मग पावतीवर तारीख मागणारे ते आजोबा आठवले. सरकारही शेवटी तेच मागते. आम्हांस खरी चिंता वाटते ती निराळीच. एकदाच मिळणारे अनुदान आणि दरवर्षी मिळणारे अनुदान यांत महदंतर आहे. कपाट एकदाच घ्यावयाचे असते. वीजबिल मात्र दरमहा येते. एका दमात मिळालेल्या पैशातून सुंदर इमारत उभी राहावी आणि पुढे झाडावयास कोणी नसल्याने तिला कुलूप लागावे, असे व्हावयास वेळ लागत नाही. म्हणून आम्ही जमविलेल्या वर्गणीचे दोन भाग केले आहेत. छपराचा वाटा वेगळा, आणि महिन्याच्या खर्चाचा वेगळा. दुसऱ्याला आम्ही हात लावू देत नाही, चिटणीसकाकांनाही नाही.

काकूंचे पाहून आणखी चौघीजणी येऊ लागल्या आहेत. त्यांच्या तासांची एक स्वतंत्र वही आम्ही घातली आहे. ती अर्जासोबत जोडावी की नाही, यावर चिटणीसकाकांचे आणि आमचे अद्याप एकमत झालेले नाही. तिच्यासाठी अर्जात रकानाच नाही, असे ते म्हणतात. आम्ही म्हणतो, शेवटचे पान कोरे आहे. मागील तीन वर्षांच्या हिशेबांपैकी दोन वर्षांचे तपासून आले आहेत, तिसऱ्याचे हिशेबतपासनिसाकडे आहेत. तोवर रविवारी सकाळी नऊ ते अकरा पुठ्ठे घालण्याचे काम चालू आहे. चरित्रांचे कपाट संपले, आता कादंबऱ्यांना हात घातला आहे, आणि खाकी कागद मात्र संपत आला आहे.