पाठीवर कवटी, पोटात मध

चि. सायलीस,


तुझ्या जर्मनीतल्या बाल्कनीत आलेल्या पतंगाचा फोटो पाहून ताईने इकडे लगेच अपशकुनाचं सुरू केलं. पाठीवर कवटी दिसली की माणूस हादरतो, हे जुनंच. लिनियसने १७५८ मध्ये त्याला ॲट्रोपॉस म्हटलं, म्हणजे ग्रीक पुराणातली आयुष्याचा धागा कापणारी देवी. पुढे आशियातल्या दोन जाती सापडल्या. फॅब्रिशियसने १७९८ मध्ये एकीला त्या देवीच्या बहिणीचं, लॅकेसिसचं नाव दिलं आणि वेस्टवूडने १८४७ मध्ये दुसरीला पाताळातल्या स्टिक्स नदीचं. प्रजातीचं नाव ॲकेरॉन्शिया, तेही तसल्याच नदीवरून. मंडळींनी जरा नाटकच केलं!

कवटी तिन्ही जातींना असते, त्यामुळे ओळख पटवायला तिचा उपयोग नाही. लॅकेसिस सर्वांत मोठा, मागचे पंख बुडाशी काळे. उरलेल्या दोघांचे मागचे पंख पिवळे, त्यांवर काळे पट्टे. त्यांतही पुढच्या पंखावरचा ठिपका पांढुरका असेल तर ॲट्रोपॉस, नारिंगी असेल तर स्टिक्स. ॲट्रोपॉसच्या पोटाखाली काळे आडवे पट्टे असतात, स्टिक्सचं पोट बहुधा साफ. आपल्याकडे लॅकेसिस आणि स्टिक्स. शेपटाशी शिंग असलेली ती तिळावरची जाडजूड अळी स्टिक्सचीच.

खरी गंमत सोंडेत आहे. या कुळातल्या कितीतरी पतंगांची सोंड फुलात खोल जाण्याइतकी लांब असते. यांची मात्र आखूड, जाड आणि टोकदार, कारण यांना पोळ्यातल्या मेणाची झाकणं फोडून मध प्यायचा असतो. तिकडे ते पोळं पाळीव युरोपीय मधमाशीचं, इकडे सातेरी मधमाशीचं. अंगाला माश्यांसारखाच वास असल्यामुळे पोळ्यात फारसा दंगा होत नाही. डिवचलं तर हा चक्क चिरकतो. घशात हवा ओढून परत सोडली की तो आवाज निघतो.

तुझा पाहुणा ॲट्रोपॉस. त्याची जात आफ्रिकेतून येते. तुमच्या जर्मनीतल्याच कॉन्स्टान्स शहरातल्या संशोधकांनी अशा पतंगांना इवलेसे ट्रान्समीटर लावून विमानातून पाठलाग केला. एकेक पतंग ८० किलोमीटरपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत उडत गेला. ते संशोधन २०२२ मध्ये छापून आलं.

पुढच्या वेळी फोटो पोटाकडून काढ. आणि ताईला तूच फोन करून समजाव, माझं ती ऐकत नाही.

तुझा,
मामा