4000 हर्ट्झवरची खाच

चाकणच्या ज्या मोठ्या कारखान्यात मी वैद्यकीय अधिकारी आहे, तिथे गेटातून आत आलं की एक फलक दिसतो: शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले. तो आकडा वाढत राहावा म्हणून सगळे झटतात, आणि मनापासून झटतात. पॉवर प्रेसची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक बसत नाही. मध्येच हात आत गेला तर प्रकाशकिरणांचा पडदा तुटतो आणि मशीन थांबतं. दुरुस्तीला उतरणारा प्रत्येक फिटर मेन स्विचला स्वतःचं लाल कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. बोटं गमावलेली माणसं मी तपासली आहेत, त्यामुळे या कुलपांची चेष्टा मला खपत नाही.

माझ्याकडे येणारे बहुतेक कामगार मात्र त्या फलकाच्या हिशेबात बसतच नाहीत.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. प्रेस शॉपवाल्यांची श्रवणचाचणी मी शुक्रवारी सकाळी घेते, ते कामावर जाण्याआधी. गोंगाटातून आलेला कान काही तास बधिरच असतो. चौदा-सोळा तास विश्रांती मिळाली की खरं काय ते कळतं. बंद खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. आलेखाची रेघ 4000 हर्ट्झपाशी खाली जाऊन 8000ला पुन्हा वर आली, की पुढचं फारसं विचारावं लागत नाही. वयाने येणारा बहिरेपणा सहसा असा वागत नाही, त्याची रेघ उतरतच जाते. ही खाच गोंगाटाची.

"मला काही झालेलं नाही, मॅडम. सगळं नीट ऐकू येतं," असं एक जुना ऑपरेटर हसत म्हणाला. "टीव्हीच्या आवाजावरून बायको ओरडते तेवढंच." तो खोटं बोलत नव्हता. माणसाचं बोलणं मुख्यतः त्या खाचेच्या खालच्या पट्टीत असतं, म्हणून सुरुवातीला कुणाला पत्ताच लागत नाही. लागतो तेव्हा आतल्या पेशी गेलेल्या असतात, आणि त्या परत येत नाहीत. कायद्यातल्या अधिसूचित रोगांच्या यादीत सिलिकोसिसबरोबर हा बहिरेपणाही आहे. डॉक्टरने तो कळवायचा असतो. तरी त्याच्यासाठी सायरन वाजत नाही की मशीन थांबत नाही.

यावर कंपनीचं ठरलेलं उत्तर म्हणजे इअरप्लग. ते मी रोज वाटते, आणि ते कसे अर्धवट खोचले जातात हेही रोज बघते. नियम सांगतो की 90 डेसिबलला आठ तास, 95ला चार, 100ला दोनच. म्हणजे आवाज थोडा जरी उतरवला तरी माणसाला केवढी सवलत मिळते! पण आवाज उतरवायचा तर मशीनला हात लावावा लागतो, आणि कानात बोळा घालणं स्वस्त पडतं.

रस्ता निघाला तो सुरक्षा समितीत. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, कारखाने कायद्याच्या 1987च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली समिती कायद्यात आली. आमच्याकडेही समिती आहे. पुष्कळदा तिथे चहा होतो आणि इतिवृत्तावर सह्या होतात. त्या दिवशी मात्र एक ऑपरेटर म्हणाला, "प्रेस धडधडते ती धडधडू द्या. कान फाडते ती हवेची शिट्टी." डायमधून पार्ट उडवायला दाबाच्या हवेचा झोत सोडतात, त्याबद्दल तो बोलत होता. मोजणी केली तर त्याचंच खरं निघालं. साध्या पाइपच्या तोंडांऐवजी कमी आवाजाचे नोझल बसवले, हवेचा दाब गरजेपुरताच ठेवला. प्रेस शॉप काही शांत झालं नाही, पण मीटरवर फरक उघड दिसला. महागडा सल्लागार आणायच्या आधी मशीनवरच्या माणसाला विचारावं, हे माझं मत तेव्हापासून घट्ट झालं आहे.

कायम कामगारांचं इतपत तरी होतं. ठेकेदाराच्या माणसाची कथा वेगळी. त्याला माझी तपासणी म्हणजे गेट पासमधली आडकाठी वाटते. उंचीवरच्या कामाचा पास द्यायचा तर फिट येते का, चक्कर येते का, हे मी विचारते. नाकारला तर त्या दिवसाची मजुरी जाते, म्हणून उत्तर नेहमी "नाही". त्याच्या उत्तरापेक्षा मी बीपीच्या यंत्रावर आणि त्याच्या चालण्यावर जास्त विश्वास ठेवते. पास नाकारलेल्याला त्या दिवशी जमिनीवरचं काम द्यायचं, एवढं ठेकेदारांकडून कबूल करून घेतलं आहे. काही जण पाळतात.

ठेकेदार बदलला की या माणसांची फाइलही नव्याने सुरू होते. आधीच्या कारखान्यात कान किती गेला होता, कुठेच नोंद नसते. म्हणून हल्ली मी आलेखाची एक प्रत प्रत्येकाच्या हातात देते. परवा विशीतल्या एका मुलाने ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "मॅडम, पुढच्या गेटवर हा कागद दाखवू की लपवू?"

मी म्हटलं, "दाखवायचा की नाही ते तू ठरव. पण फाडू नकोस. उद्या भरपाई मागायची वेळ आली तर कान कधी कसा होता, हे सांगायला तुझ्याकडे दुसरं काही नसेल."