पाच लाखांत व्याजही मोजतात



आपल्या पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे तेव्हा जाहीर झाले. मला काळजी वाटली ती उरलेल्यांची.

हा ठेव विमा ५ लाखांचा. फेब्रुवारी २०२० पूर्वी तर एकच लाख होता. एका बँकेच्या तीन शाखांत तीन पावत्या केल्या तरी बेरीज एकच धरतात, आणि त्यात व्याजही आले. म्हणून मी एका बँकेत सव्वाचार लाखांवर थांबते. संयुक्त खात्यात मात्र एकीत ह्यांचे नाव आधी, दुसरीत माझे, असे असेल तर दोन्हींचा विमा वेगळा. (बी.कॉम. झाल्याचा एवढा तरी उपयोग!)

पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. आमच्या जाऊबाईंना तिथले जास्तीचे व्याज आणि ओळखीचे संचालक, दोन्हींचा भरवसा. मी त्यांना एवढेच म्हटले, "वहिनी, औषधपाण्याचे पैसे तरी तिथे नकोत." त्यांनी एक पावती मोडली आहे. दुसरीची मुदत दिवाळीत संपते.