चोरबाजारात पलंग पाहायला

मैत्रिणींनो, 'चोरबाजार' म्हटलं की अजूनही काही घरांत सासूबाईंच्या भुवया वर चढतात. चोरीचा माल का आणायचाय घरात? पण नावावर जाऊ नका. जुनी माणसं सांगतात, गलबल्यामुळे हा मूळचा 'शोरबाजार', साहेबाच्या तोंडी त्याचा 'चोरबाजार' झाला. खरं-खोटं काही असो, मटन स्ट्रीटच्या त्या अरुंद गल्लीत जे फर्निचर दिसतं, त्यातलं पुष्कळसं मोडीत निघालेल्या जुन्या घरांतून आणि बंद पडलेल्या हॉटेलांतून आलेलं असतं.

मुंबईला लग्नाकार्याला जाल तेव्हा एक सकाळ राखून ठेवा. ग्रँट रोडला उतरून टॅक्सी करा, नाहीतर सँडहर्स्ट रोडहून चालत जा. शुक्रवार मात्र टाळा. त्या दिवशी फर्निचरची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. तिथे पाने-पक्कड मिळेल, पलंग नाही.

गल्लीत शिरलात की पहिल्यांदा डोळे गरगरतात. छपरापर्यंत रचलेल्या आरामखुर्च्या, मच्छरदाणीच्या दांड्यांसकट पलंग, बेल्जियमच्या म्हणून दाखवलेल्या आरशांची कपाटं. काळपट, कोरीव, हलवताना दोन माणसं लागतील असं काही दिसलं, तर ते शिसवीचं असण्याचा संभव. एकोणिसाव्या शतकात मुंबईत असं फर्निचर घडत असे आणि 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावानं ते विलायतेलाही जाई. तांबूस-पिवळसर, हाताला किंचित तेलकट लागणारा तो साग.

आणि त्या गोल बैठकीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या! इराण्याकडे ब्रून-मस्का खाताना आपण ज्यांवर बसायचो, त्याच. ही धाटणी युरोपातली. मायकेल थोनेट या कारागिरानं वाफेवर लाकूड वाकवून 1859 साली 'चौदा नंबरची खुर्ची' काढली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात खुर्ची तयार! सुटी करून पेटीत भरता येई, म्हणून ती जगभर गेली. इराण्यांची हॉटेलं एकेक करून मिटली, तशा त्या धाटणीच्या खुर्च्या बाजारात आल्या.

आता कामाचं बोलू या. दुकानदार "मेमसाब, सौ साल पुराना" म्हणेल. हसून मान डोलवा आणि खण बाहेर ओढा. जुन्या सुताराच्या हातच्या चांगल्या खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्यांचे दात एकमेकांत बोटं गुंफल्यासारखे बसवलेले असतात. खिळे ठोकून जोडलेला खण दिसला तर किंमत ऐकून घाबरायचं कारण नाही, ती खाली येईल. मग स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचा स्क्रू अमेरिकेत 1930 नंतरच्या दशकात निघाला. शंभर वर्षांच्या कपाटाला सगळीकडे तेच स्क्रू असतील, तर कपाट तरी नवं आहे किंवा दुरुस्ती तरी मोठी झाली आहे. खणाचा तळ आणि कपाटाची पाठ कधी पॉलिश केलेली नसते. लाकडाचा खरा रंग तिथेच कळतो. पाठीला प्लायवूड असेल तर सबंध सागाचा भाव देऊ नका.

पायांपाशी वाकायला लाजू नका, बरं का. बारीक भोकं आणि त्यांच्याखाली पिठासारखा ताजा भुसा दिसला, तर किडा अजून आत आहे. मातीच्या रेघा दिसल्या तर वाळवी. असलं काही फुकट मिळालं तरी घेऊ नका. घरातली दारं-खिडक्याही जातील. पलंगाच्या सांध्यांत काळे ठिपके असतील तर ढेकूण समजा. पसंत पडलेली वस्तूही आधी गॅलरीत ठेवा, औषध मारून घ्या, मगच आत आणा.

पाळणा घेणार असाल तर आणखी एक. जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत 90 भाग अशी मर्यादा आली ती 2017 मध्ये. त्याआधीच्या रंगाचे पोपडे बाळाच्या तोंडात जाणं धोक्याचं, आणि घरात तो रंग कोरडा घासणंही. त्यापेक्षा रंग न दिलेला, नुसत्या लाकडाचा पाळणा शोधा. हस्तिदंताची जडणघडण असलेली पेटी कितीही मोहात पाडो, तिला हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानं हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

भाव करताना वस्तूची किंमत तेवढी डोक्यात धरू नका. लाखेचं पॉलिश, वेत विणण्याची मजुरी, टेंपो, हमाल, सगळं मिळवून आकडा काढा. जिन्याची आणि दाराची रुंदी चिठ्ठीवर लिहून न्या. पलंग सुटा होतो का, हे तिथेच खोलून दाखवायला सांगा. कपाटाला किल्ली लागते का, तेही बघा.

काय घ्यावं, हे विचाराल तर मी जाळीचं कपाट सुचवीन. आईच्या स्वयंपाकघरात असायचं ते, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेलं, मुंग्या चढू नयेत म्हणून. आजच्या फ्लॅटमध्येही कांदे-बटाटे, लोणच्याच्या बरण्या, डबे त्यात छान राहतात. हवा खेळते आणि काय संपलं ते बाहेरून दिसतं. फक्त वाट्यांतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डासांची सोय व्हायची.

पण त्या गल्लीत हिंडताना एक गोष्ट मनाला लागते. कपाटाच्या दाराला आतून चिकटलेली टिकली दिसते, पलंगाच्या डोक्याशी तेलाचा डाग असतो. कुणा बाईनं ते वर्षानुवर्षं पुसलं असेल. वाडा पाडायचा ठरला, भाऊ-भाऊ वेगळे झाले आणि "हे जुनाट कुठे ठेवायचं?" म्हणून ते वजनावर गेलं. विकताना तिला कुणी विचारलं होतं का? आपल्या गावी, माहेरी, असंच काही माळ्यावर, पडवीत पडलेलं असेल. घर रिकामं करायचं बोलणं निघालं की गप्प बसू नका. "तो पाट मला हवाय, ते फडताळ मी नेते," असं वेळेवर म्हणा. वहिनीशी बोलून घ्या, टेंपोचं भाडं आपण द्या. ती वस्तू कुठून आली, हे कुणाला विचारावं लागणार नाही. आणि किडा आहे की नाही, ते मात्र तिथेही वाकून बघा!