मोरीचं पाणी

उद्या नळाचा दिवस. मालेगावात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आदल्या संध्याकाळी पिंपाच्या तळाशी उरलेलं पाणी झाडांना जातं, पिंप घासून पालथं पडतं आणि पहाटेच्या गजराला घरातलं एक माणूस नेमलेलं असतं. गिरणा आणि मोसम या दोन नद्यांच्या काठचं हे गाव, पण पाऊस पर्जन्यछायेतला, पडला तर पडला. प्यायचं पाणी धरणांचं. वरच्या अंगाला चणकापूर, खालच्या अंगाला गिरणा. धरण भरलेलं असो की आटलेलं, माझे हात पाणी मोजूनच ओततात. ही सवय त्यांना कुठून लागली ते मला नेमकं ठाऊक आहे. ती आमच्या संगमेश्वरातल्या घराच्या मोरीतून लागली.

1972 साली मी दहा वर्षांची होते. त्याआधीचं सालही कोरडंच गेलेलं. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना कडेनं चिरायची आणि तिला एक कुबट वास यायचा. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. वडील सुताच्या पेढीवर मुनीम होते, म्हणून आमच्यावर ती वेळ आली नाही; पण पगार तेवढाच आणि खाणारी तोंडं सात. विहीर आटली होती. आई दोन हंडे डोक्यावर, एक कळशी कमरेवर घेऊन पाणी आणायची, आणि त्या पाण्याचा एक थेंबही पहिल्याच कामात संपलेला तिला खपत नसे.

आमची मोरी परसाच्या बाजूला होती. भिंतीच्या भोकातून पाणी बाहेर पडलं की उलट्या कौलांच्या पन्हळीत यायचं. पन्हळीच्या तोंडाशी आईनं हातभर खोल खड्डा खणून त्यात विटांचे तुकडे, चुलीतले विझलेले कोळसे आणि मोसमच्या पात्रातली वाळू भरली होती. तिथं गाळ बसायचा. पुढं पाणी कर्दळीच्या रांगेतून अळवाकडे, अळवाकडून केळीच्या बुंध्याशी आणि शेवटी कुंपणाजवळच्या शेवग्याला. अंघोळीचं पाणी रोज एवढा प्रवास करायचं. दर आठ दिवसांनी वरची वाळू काढून उन्हात टाकायची आणि नवी भरायची, हे काम माझ्याकडे होतं. कधी कंटाळून मी भांड्यांचं विसळण अंगणात भिरकावलं, की आतून आवाज यायचा, "वतू नको! पानी काय फुकट येस का?" आई एरवी आमच्याशी शाळेतल्या मराठीत बोलायची. पाण्यासाठी मात्र तिची माहेरची अहिराणीच बाहेर पडायची.

वडील पेढीवर रोजकीर्द लिहायचे. आलेला पैसा कुठून आला, गेलेला कुठं गेला, आणि संध्याकाळी शिल्लक जुळल्याशिवाय उठायचं नाही. आईला अक्षरओळख जेमतेम होती. तिची रोजकीर्द पाण्याची होती आणि ती डोक्यात असायची. धान्याचं धुवण केळीला, तांदळाचं पहिलं पाणी शेजारच्या शेळीला, कपड्यांचं शेवटचं पाणी पायऱ्या धुवायला. हे ती कुठं शिकली नव्हती. पुढं मी नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारविषयी वाचलं. तिथले गावकरी पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, माणसांचं आणि गुरांचं प्यायचं पाणी आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. वाचताना मला आमची मोरी दिसली.

शेवगा दारात लावू नये असं आमच्याकडे म्हणतात. लाकूड ठिसूळ, फांदीवर चढलेलं पोर खाली येतं. त्यामागचं कारण बहुधा एवढंच. आईनं तो लावलाच. शाळेत एकदा बाईंनी शेवग्याची ती सर्वांना माहीत असलेली गोष्ट सांगितली: उतरती कळा लागलेलं एक खानदानी घर शेवग्याच्या शेंगा विकून गुजराण करत असतं, पाहुणा येतो, त्यांचा आळस घालवायला रात्रीतून झाड तोडतो आणि मग ती माणसं कामाला लागून वर येतात. सगळ्या वर्गाला ती आवडली. मी घरी येऊन रडले. झाड तोडल्यावर त्या घरात दुसऱ्या दिवशी काय शिजलं, हे गोष्टीत कुणीच सांगत नव्हतं. आजही मला तो पाहुणा पटत नाही. घरातलं झाड जगवणं हे आळशाचं काम नाही. मी त्यासाठी पहाटे चारला उठलेली बाई पाहिली आहे.

त्या शेवग्यानं आम्हाला किती जेवू घातलं! कोवळ्या पाल्याची डाळ घालून भाजी, फुलांची बेसन लावून, शेंगा आमटीत. अळवाची पानं चिंच घालून शिजवायची. चिंचेनं घशाची खाज मरते आणि थोड्या भाजीला चवही येते. कुंपणावर गिलक्याचा वेल असायचा. तो चढवायला दोरी विकत आणली नाही. वडील पेढीवरून खराब सुताचा गुंता आणायचे, आम्ही भावंडं तो सोडवून पीळ द्यायचो. गावातल्या यंत्रमागांचा खटाखट आवाज रात्रभर चालू असायचा, शुक्रवारच्या सुट्टीला तेवढा थांबायचा. त्या शांततेत, ओसरीवर बसून सूत सोडवलेलं मला आठवतं. वेलावर हाताला न लागलेलं एखादं गिलकं जून होऊन वाळायचं. त्याचं बी पुढच्या पावसाळ्यासाठी राखेत ठेवायचं आणि आतली जाळी भांडी घासायला. जाळी आणि राख, बाकी काही लागत नसे.

काटकसरीचा स्वयंपाक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं बेचव, पाणचट जेवण येतं. आईच्या हाताखाली जेवलेल्या कुणालाही असं वाटणार नाही. उन्हाळ्यात कुरडया घालायच्या, म्हणजे गहू तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून चीक काढायचा. चीक काढून उरलेला चोथा बहुतेक घरं गुरांना घालत. आई त्यात कांदा, लसूण, तिखट, जिरं घालून त्याच्या भुसवड्या थापायची आणि कुरडयांच्या शेजारी तेवढ्याच मानानं वाळत घालायची. पावसाळ्यात भाजी महागली की त्या तेलात परतून, भिजवून, कांद्याच्या रश्शात पडत. भाजी अजिबातच नसली तर डुबुकवडे: झणझणीत रश्शाला उकळी आली की त्यात बेसनाचे गोळे सोडायचे. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी. शिजलेल्या डाळीवरचं पाणी वेगळं काढून त्याचं सार, खालच्या डाळीचं वरण. एका पातेल्यातून दोन पदार्थ आणि पाणी दोन्हींत. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याच्या भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा असला की वडील म्हणत, आज सण आहे. ते खरंच तसं म्हणत आणि आम्हालाही ते खरं वाटे.

मोरीच्या पाण्यानं एकदा आम्हाला दगा दिला, तेही सांगायला हवं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी घरात धुण्याची पावडर आली. राखेचा आणि रिठ्याचा त्रास संपला, कपडे पांढरेशुभ्र निघू लागले. दोन महिन्यांत अळवाच्या पानांच्या कडा करपल्या, केळीखालची माती वर पापडी धरून दगडासारखी झाली. आईच्या माहेरची जमीन मीठ फुटलेली, तिनं ती माती चिमटीत घेऊन जिभेला लावली आणि लगेच ओळखलं. साबण-पावडरमधला सोडा मातीचा भुसभुशीतपणा मारतो, हे मला फार नंतर कळलं. तिनं त्याच दिवशी नियम केला. पावडरचं पहिलं पाणी संडासात, दुसरं फरशीला, फक्त तिसरं स्वच्छ पाणी झाडांना, आणि तेही एका जागी रोज नाही. पावसाळ्यात पन्हळीचं तोंड वळवून टाकायचं, म्हणजे पाऊस माती धुऊन काढतो. कच्च्या खायच्या कोथिंबिरीला, मुळ्याला मोरीचं पाणी कधीच नाही. शिजवून खायची पानं आणि उंचावर लागणारी फळं एवढ्यांनाच. आजही कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. सांडपाणी तुंबवून ठेवू नका, वाहू द्या किंवा मुरू द्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेऊन गावातली गटारं आणि त्यांच्याबरोबर डासही घालवले. तेच तत्त्व आहे.

1986 साली लग्न होऊन मी पिंपरीला गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, चोवीस तास नळ. पहिल्या दिवशी अंघोळ केली आणि पाणी जाळीतून खाली गेलं. कुठं गेलं? भिंतीतल्या पाइपातून कुठंतरी. मला कितीतरी दिवस अस्वस्थ वाटायचं. सासूबाईंना ते कळेना, त्या म्हणायच्या, "अगं, बिल तर ठरावीकच येतं!" पण मला बिलाची काळजी नव्हती. आपल्या हातून गेलेली वस्तू पुढं कुठं जाते ते दिसत नाही, याची होती.

त्याच सुमाराला कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराची ओळख झाली. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशोब मांडून पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत कसं भागेल ते त्यांनी दाखवलं. माझ्याकडे दहा गुंठे कुठले, चार फुटांची गॅलरी होती. खालच्या रसवंतीवरून उसाची चिपाडं फुकट मिळायची. ती फाटक्या गोण्यांत भरायची, भाज्यांची सालं-देठं मध्ये, वर दोन मुठी माती. दोन महिन्यांत चिपाडं काळी, भुसभुशीत झाली. त्यात मायाळू, मिरच्या, पुदिना लावला. तांदळाचं आणि डाळीचं धुवण एका बादलीत साठवून संध्याकाळी गॅलरीत. त्या दिवसापासून मला त्या घरात झोप नीट लागू लागली. सासूबाईंनी पहिल्या मायाळूची भजी स्वतः केली आणि मजल्यावरच्या चारही घरांत वाटली.

वडील गेल्यावर आई एकटी राहिली, म्हणून 2009 साली आम्ही मालेगावला परतलो. तेव्हा भारनियमनाचे दिवस. माग बंद पडले की सगळं गाव एकदम गप्प व्हायचं आणि ती शांतता शुक्रवारची नसायची. कांड्या भरणाऱ्या बायकांचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असायचा. वीज जपून वापरायला मी तेव्हा शिकले. साठ वॅटचा दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट. पुढं एलईडी आले. त्या जागी नऊ वॅटचा लावला तर दीड युनिटही पुरं होत नाही. पाच दिव्यांचा हिशोब कागदावर मांडून आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग अजून लावले का नाहीस?" डाळ तासभर भिजवूनच कुकरला लावायची, शिट्टी झाली की गॅस बंद, उरलेलं वाफेवर होऊ द्यायचं. सिलिंडर किती दिवस गेला ते कॅलेंडरवर लिहायचं. हा हिशोब माझा, वडिलांकडून आलेला.

आणि मोरी तिथंच होती. पन्हळीची कौलं फुटली होती, तिथं आता पाइप आहे. वॉशिंग मशीनचा पाइप पिंपात सोडला आहे. पहिलं पाणी संडासाला, शेवटचं झाडांना, नियम तोच. पाणी गाळायचं यंत्र आलं, तेव्हा ते एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं हे पाहून आईला आजारीच वाटलं. आमच्या बोअरचं पाणी जड, त्याचं हे टाकलेलं पाणी आणखी क्षाराचं, म्हणून ते झाडांना नाही. फरशी त्यानंच पुसली जाते.

शेवटच्या वर्षी आईला दिसायचं कमी झालं होतं. ओसरीवर खुर्ची टाकून ती बसायची आणि मोरीतून पाणी वाहिलं की नुसत्या आवाजावरून विचारायची, "अंघोळीचं का धुण्याचं?" ती बहुतेक वेळा बरोबर असायची. ती गेली त्या दिवशी घरात खूप माणसं होती, खूप पाणी वापरलं गेलं, आणि रात्री केव्हातरी मी परसात गेले तर शेवग्याचं आळं काठोकाठ भरलं होतं.

यंदा शेंगा भरपूर आल्या, आता झाड छाटायला हवं. पावसाआधी, येत्या रविवारी छाटणार आहे. शेवग्याची हातभर लांबीची जाड फांदी ओल्या मातीत खोचली तरी जगते. ज्यांना हवी असेल त्यांनी येऊन न्यावी, दोन न्याव्यात. फक्त तिला नळाचं पाणी घालू नका, मोरीचं घाला.