एकच सहल

मुलाच्या आग्रहास्तव गतवर्षीं जून महिन्यांत सौभाग्यवतीसह नॉर्वेच्या किनाऱ्यानें बोटीचा प्रवास घडला. १८९३ सालीं टपाल व उतारू नेण्यासाठीं सुरू झालेला हा जलमार्ग बेर्गेनहून उत्तरेस जातो. भाड्यांत भोजन होतें. किनाऱ्यावरील सहलींचे पैसे मात्र निराळे, आणि तेहि पेन्शनराची छाती दडपविणारे. हिशेब करितां दोघांस एकच सहल परवडेल असें दिसलें.

सौ.चें माहेर दाभोळच्या खाडीकांठीं. बोडोजवळील साल्टस्ट्राउमेनवर तिचें मन बसलें. तेथें सुमारें दीडशें मीटर रुंदीच्या चिंचोळ्या वाटेंतून भरतीओहोटीचें पाणी दर सहा तासांनीं उलटसुलट धांवतें व प्रचंड भोंवरे पडतात. मीं नॉर्थ केपचा हट्ट धरिला. उषःसूक्तांच्या आधारें लोकमान्यांनीं १९०३ सालीं आर्यांचें मूलस्थान उत्तरध्रुवाकडे नेलें. आज विद्वान तें मानीत नाहींत. तरी पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्यास तें टोंक पाहिल्याविना परतवेना. (जूनमध्यें तेथें सूर्य मावळतच नाहीं, मग उषा कोठली, हें मास्तरांस सुचलें नाहीं.)

बोडोला आम्हीं धक्क्यावरच येरझारा घातल्या.

पुढें होनिंग्सवॉगला उतरून बसनें नॉर्थ केप गांठलें. ३०७ मीटर उंचीचा तो कडा धुक्यांत बुडालेला. लोखंडी पृथ्वीगोलाजवळ उभे राहिलों, तों पलीकडचा कठडाहि दिसेना. सौ.नें शाल कानांवर ओढली.

"परततांना बोडोला थांबते ना बोट?" एवढेंच तिनें विचारिलें.

मीं वेळापत्रक काढिलें. बोट तेथें मध्यरात्र उलटल्यावर लागणार होती. उजेड असेल, सहल नसेल.